पाण्याखालचे वजन

समुद्राकाठी राहणाऱ्या माणसाला समुद्रातले सगळे कळते, अशी घाटावरच्या लोकांची एक भाबडी समजूत असते. ती दूर करण्याचा प्रयत्न मी कधी केला नाही. माझा जन्म गिरगावातला. चौपाटी घरापासून दहा मिनिटांच्या वाटेवर. माझ्या कादंबऱ्यांतून समुद्र पुष्कळ आहे. पण तो सगळा वाळूत बसून, हातात खाऱ्या दाण्यांची पुडी धरून पाहिलेला. मॅट्रिक झाल्यावर मास्तरकी पत्करली, रात्रशाळेत मुलांना मराठी शिकवू लागलो, आणि दिवसा लिहीत बसलो. या सबंध आयुष्यक्रमात होडीत बसायचा योग घारापुरीची लेणी पाहण्यापुरता आला असेल, तेवढाच.

म्हणून २०२३ च्या जानेवारीत हैदराबादेहून अक्काचा फोन आला, तेव्हा मला गंमतच वाटली. अक्का माझी थोरली बहीण. लग्न होऊन तिकडे गेली त्याला पंचवीस वर्षे झाली.

"पाच जण येताहेत तुझ्याकडे," ती म्हणाली. "चार दिवस राहतील. मुंबईला शिडाच्या होड्यांच्या शर्यती आहेत. तुला काय, समुद्र दारातच आहे!"

पाच जणांची पुढारी म्हणजे तिची मुलगी, माझी भाची. वय वर्षे एकोणीस. दहाव्या वर्षापासून ही पोरगी हुसेनसागरावर शिडाची होडी हाकते आहे. हैदराबाद आणि सिकंदराबाद या दोन शहरांमधला हा तलाव सोळाव्या शतकातला. त्याच्या मध्यावर बुद्धाची अखंड पाषाणाची प्रचंड मूर्ती उभी आहे. १९९० मध्ये ती तलावात नेताना तराफा कलंडला, माणसे दगावली आणि मूर्ती तळाशी गेली. पुढे १९९२ मध्ये ती वर काढून उभी केली. भाची म्हणते, "मामा, त्या बुद्धाच्या आडोशाला वारा कसा फिरतो हे ज्याला कळलं, त्याला आमचा तलाव कळला."

पण तलावावर ती हाकत होती एकट्याची होडी. लहानपणी 'ऑप्टिमिस्ट' नावाची, आंघोळीच्या टबाएवढी. पुढे जरा मोठी. या होड्या हलक्या. अंगाने जरा चुकलात की उलटल्याच. उलटली की पाण्यात पडायचे, होडी सरळ करायची आणि पुन्हा चढायचे. मुंबईच्या शर्यती होत्या त्या निराळ्या होड्यांच्या. 'जे-२४' हे त्या जातीचे नाव; लांबी चोवीस फूट, खलाशी पाच. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातल्या रॉड जॉनस्टन नावाच्या गृहस्थाने १९७० नंतरच्या दशकात घराच्या गॅरेजमध्ये आपल्यासाठी एक होडी बांधली, आणि पुढे तिच्या धर्तीवर जगभर पाच हजारांहून अधिक होड्या निघाल्या. तिच्या तळाला सुमारे सव्वाचारशे किलोंचा एक जड पंखा खाली पाण्यात उतरलेला असतो. आपल्या कोकणातल्या जुन्या नाविकांच्या बोलीत होडीच्या तळकण्याला 'पठाण' म्हणतात, आणि तोल राखायला तळात भरलेल्या वजनाला 'नीरम'. या होडीत पठाण आणि नीरम एकच झालेले. वाऱ्याने ती कितीही कलली तरी तळातले वजन तिला पुन्हा उभी करते.

गुरुवारी सकाळी पाचही जण पाठीवर पोती टाकल्यासारख्या पिशव्या घेऊन आमच्या चाळीचा जिना चढून आले. दोन मुली, तीन मुलगे. घरी कोणी तेलुगू बोलणारे, कोणी दखनी. आपापसांत सगळ्यांची हैदराबादी हिंदी. तासाभरात चाळीतल्या पोरांनी त्यांना नावे ठेवली. सर्वांत लहान मुलगी होडीच्या नाळेवर बसायची, तिला 'चिमणी'. डोलकाठीपाशी उभा राहणारा तो 'लंबू'. पुढच्या शिडाचे दोर ओढणारा तो 'चष्मेवाला'. पाचवा मुलगा मोठे शीड सांभाळायचा. आल्यापासून त्याच्या तोंडून "नक्को" आणि "हौ" यांपलीकडे तिसरा शब्द निघाला नव्हता. त्याचे नाव पडले 'मौनीबाबा'. भाचीला कोणी नाव ठेवले नाही. तिच्या हाती सुकाणू होते, आणि ज्याच्या हाती सुकाणू त्याला नावे ठेवायची हिंमत पोरेसुद्धा करीत नाहीत.

दुपारी जेवताना चष्मेवाल्याने सहज सांगितले, की या होडीतल्या खलाशांचे एकूण वजन चारशे किलोंच्या वर जाता कामा नये असा नियम आहे. "आणि तुमचं किती भरतं?" माझ्या पत्नीने विचारले. "दोनशे सत्तर." वारा जोराचा असला की सगळ्यांनी वाऱ्याच्या बाजूला काठावर ओळीने बसायचे असते, म्हणजे माणसेही नीरमच. हलके खलाशी म्हणजे कललेली होडी. एवढे ऐकल्यावर पत्नीने त्या एकशेतीस किलोंची तूट चार दिवसांत भरून काढायचे मनावर घेतले. पिठले, मटकीची उसळ, थालीपिठे, शेजारच्या काकूंनी पाठवलेल्या रव्याच्या वड्या... मौनीबाबाचे "नक्को" त्या घरात कोणी मानले नाही.

शुक्रवारी संध्याकाळी मंडळी परत आली ती गप्प गप्प. नऊ होड्या होत्या. दोन शर्यती झाल्या. एकीत आठवे, दुसरीत नववे. या खेळात जितका नंबर तितके गुण, आणि ज्याचे गुण सर्वांत कमी तो विजयी. म्हणजे आमच्या मंडळींनी गुण मात्र भरपूर मिळवले होते.

"बोयापर्यंत नीट जातो, मामा," भाची सांगू लागली. पाण्यावर तरंगता पिंप ठेवतात आणि त्याला वळसा घालायचा असतो. "तलावावर जसा अंदाज घ्यायचा तसाच घेतला. आता वळलं की थेट बोयावर, असं वाटायचं. आणि जवळ जावं तर बोया वर आणि आम्ही खाली! पुन्हा वळा, पुन्हा वळा. तेवढ्यात चार होड्या पुढे."

"पाणी चालत होतं," मौनीबाबा म्हणाला. हा त्याचा तिसरा शब्द.

तलावाचे पाणी जागेवर असते. मुंबईच्या बंदरातले पाणी दिवसातून दोनदा आत येते आणि दोनदा बाहेर जाते. उधाणाच्या दिवसांत ते साडेचार मीटरच्या वर चढते. तेवढे पाणी ठाण्याच्या खाडीकडून ओहोटीला दक्षिणेकडे निघाले, की तरंगणारी प्रत्येक वस्तू ते आपल्याबरोबर ओढते. जमिनीला नांगरलेला बोया तेवढा जागेवर राहतो. दुपारी वारा वायव्येचा. म्हणजे वाऱ्याला तोंड देत वर चढायचे, आणि खालचे पाणी मागे खेचायचे. तलावातल्या मुलांना हे पुस्तकात ठाऊक होते, हाताला ठाऊक नव्हते.

इथे मात्र माझ्या गिरगावकरपणाचा उपयोग झाला. मी उठलो आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवरचे कालनिर्णय काढून आणले. होडी चालवता येत नसली तरी चौपाटीवर गणपती पोचवणाऱ्या माणसाला एक गणित येते. तिथीला पाऊणपट करावी. जो आकडा येईल, त्या वाजण्याच्या सुमारास पूर्ण भरती. कोळीवाड्यात हे गणित पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. आज त्रयोदशी, तेराची पाऊणपट पावणेदहा. पावणेदहाला भरती भरली, पुढे सहा तास ओहोटी; आणि शर्यती लागल्या बारानंतर. उद्या अमावास्या, म्हणजे पंधरा धरायचे, सव्वाअकरा. परवा माघातली प्रतिपदा, पाऊण वाजता.

पाचही डोकी त्या पानावर वाकली. चष्मेवाल्याने मोबाइलवर भरतीचे कोष्टक काढून ताडून पाहिले आणि माझ्याकडे असे पाहिले, की इतक्या वर्षांत एकाही विद्यार्थ्याने पाहिले नसेल. "अर्ध्या तासाचाच फरक आहे, मामा!" चिमणीने पेन्सिलने तिन्ही दिवसांच्या चौकोनांत वेळा लिहून टाकल्या.

दुसऱ्या दिवशी शनिअमावास्या. शेजारच्या काकूंनी सकाळी जिन्यात गाठून मला सुनावले, "शनिअमावास्येला पोरींना पाण्यावर धाडता? मामा आहात की कोण?" मी म्हटले, "काकू, होडी उलटत नाही तसली." त्यांचा विश्वास बसला नाही.

शाळा रात्रीची, त्यामुळे दुपारी मी एका मित्राची दुर्बीण मागून घेतली आणि अपोलो बंदरावर जाऊन उभा राहिलो. गेटवेच्या पायऱ्यांवर नेहमीची जत्रा. पर्यटक, फोटो, घारापुरीच्या लाँचांची गर्दी. जवळच रॉयल बॉम्बे यॉट क्लबची जुनी इमारत. हा क्लब १८४६ सालचा. म्हणजे पावणेदोनशे वर्षे या बंदरात लोक वाऱ्याशी शर्यत लावीत आले आहेत, आणि पावणेदोनशे वर्षे त्यांच्याकडे पाठ करून मुंबईकर दाणे खात आला आहे. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढायच्या, पावसाळा सरला की पुन्हा पाण्यात. कोळ्यांचे आणि त्यांचे पंचांग या बाबतीत एकच.

दुर्बिणीतून नऊ पांढरी शिडे दिसली. कोणती कोणाची हे कळेना. पण एक गोष्ट दिसली. आठ होड्यांवरची माणसे काठावर निश्चल बसली होती. नवव्या होडीवर कोणीतरी सारखे हात उडवीत होते.

संध्याकाळी निकाल कळला. सातवे, नववे, नववे. जेवताना कोणी बोलेना. लंबूच्या तळहाताची साल दोराने सोलून निघाली होती, पत्नी त्याला हळद लावू गेली तर तो म्हणाला, "हाताचं काही नाही. दिवसभर शिव्या खाऊन कान दुखताहेत." भाचीने ताट अर्धे टाकले आणि उठून गॅलरीत गेली. कोणी तिला हाक मारली नाही.

काय झाले ते मला चष्मेवाल्याकडून कळले. मौनीबाबाने दुपारी सुचवले होते, की डाव्या हाताला कुलाब्याच्या किनाऱ्याकडे जाऊ. तिथे पाणी उथळ, ओहोटीचा जोर कमी. भाची म्हणाली, तिथे इमारतींमुळे वारा तुटतो, सगळे जाणते खलाशी मधल्या पाण्यातून चालले आहेत, आपणही त्यांच्या मागून जायचे. गेले; आणि मागेच राहिले. मग ती ओरडू लागली. शीड ढिले का, वजन इकडे का, दोर अडकला कसा. दुसऱ्या शर्यतीनंतर मौनीबाबाने सांगणेच सोडून दिले. तिसरीत बाकीच्यांनीही.

रात्री साडेअकराला मी शाळेतून येऊन पाणी प्यायला उठलो, तर ती गॅलरीतच बसलेली. मी शेजारी बसलो. मास्तरकीने मला एक शिकवले आहे; रडणाऱ्या मुलाला प्रश्न विचारायचा नाही. खाली रस्त्यावर शेवटच्या टॅक्सीवाल्यांचे बोलणे चालले होते.

बऱ्याच वेळाने ती आपण होऊनच म्हणाली, "मामा, माझ्या छोट्या होडीत मी चुकले की लगेच पाण्यात पडायची. कुणी सांगावं लागायचं नाही. ही होडी पडतच नाही रे. चुकलं तरी चालतच राहते. फक्त हळू होते. आणि हळू का झाली, ते मला एकटीला कळत नाही."

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखे माझ्याजवळ काही नव्हतेच. तिने जे सांगितले त्याने मीच विचारात पडलो. तळातले वजन होडीला बुडू देत नाही, हा त्याचा गुण मी दोन दिवस सर्वांना सांगत होतो. पण तेच वजन चूक झाकूनही ठेवते. घरे अशी असतात; शाळा, संस्था अशा असतात. मागच्यांनी तळाशी भरलेले वजन इतके असते, की सुकाणू धरणाऱ्याने वाटेल तसे हाकले तरी त्या उलटत नाहीत. उलटत नाहीत, म्हणून आपले सगळे बरोबर आहे असे त्याला वाटते. हळू होत आहेत, हे काठावर बसलेल्यांना कळते. आणि काठावर बसलेल्यांनी बोलणे सोडलेले असते.

"मौनीबाबा इतका छान वारा वाचतो," ती पुन्हा म्हणाली, "तलावावर मला नेहमी हरवायचा. सुकाणू त्याला द्यायला पाहिजे." आणि मग, अगदी हळू आवाजात, "आई इतक्या लोकांना सांगून बसलीय, की मी कप्तान आहे म्हणून."

मला त्या क्षणी ती दहा वर्षांची दिसली. एकोणीस वर्षांच्या पोरीच्या हातातून सुकाणू सुटणे म्हणजे काय, हे मोठ्या माणसांना उमगत नाही. कारण त्यांनी ते बहुधा कधी सोडलेलेच नसते. "झोप आता," एवढेच मी म्हणालो.

रविवारी शर्यती पाहणाऱ्यांसाठी निघालेल्या लाँचमध्ये मला जागा मिळाली. बंदरात पुरता बाहेर मी प्रथमच आलो होतो. मागे गेटवे आणि ताज खेळण्यासारखे दिसत होते. पुढे जवाहर द्वीप, त्यापलीकडे घारापुरीची निळी पाठ. बारा वाजेपर्यंत वाराच नव्हता. नऊ होड्या पाण्यावर बगळ्यांसारख्या उभ्या. मग वायव्येकडून पाण्यावर एक काळपट सुरकुती सरकत आली आणि लाँचवरचा खलाशी म्हणाला, "आला."

आमची होडी आता मला ओळखू येत होती. सुकाणूपाशी मौनीबाबा बसला होता. भाची मोठ्या शिडाचा दोर धरून त्याच्या पुढ्यात, त्याच्याकडे पाठ करून. हे केव्हा ठरले, कसे ठरले, मला कोणी सांगितले नाही. चष्मेवाल्याने नंतर एवढेच सांगितले, की होडीत चढताना ती सरळ जाऊन त्याच्या जागेवर बसली आणि म्हणाली, "बैठो, देर हो रही है."

पहिल्या शर्यतीत ते सहावे आले. पाणी भरतीच्या टोकाला येऊन थबकले होते; तलावासारखेच. दुसरी सुटली ती पावणेदोनला. आमच्या पेन्सिलीच्या हिशेबाने पाणी उलटून तास झाला होता.

सुटल्यावर थोड्याच वेळात आठ होड्या मधल्या पाण्याकडे गेल्या. तिथे वारा भरपूर, शिडे तट्ट फुगलेली. आमची एकटी कुलाब्याच्या बाजूला निघाली. लाँचवरचे एक वयस्क गृहस्थ हळहळले, "ही पोरं कुठे चालली? तिथे वारा पडेल." वारा पडतच होता, शीड थरथरायचे, होडी उभी राहायची. पण थरथर सुरू होण्याआधीच मौनीबाबा होडी किंचित वळवी, आणि त्याच क्षणी भाचीच्या हातातला दोर सैल होई. इमारतींच्या फटीफटींतून येणारा तो तुटका वारा आमच्या लाँचवाल्यांना परका होता. बुद्धाच्या आडोशाला वाढलेल्या या मुलांच्या तो ओळखीचा होता. आणि त्यांच्या खालचे पाणी उथळ होते, म्हणून जवळजवळ स्वस्थ होते. मधल्या होड्या रुबाबात धावत होत्या खऱ्या. पण पायाखालची सतरंजी मागे ओढली जावी, तसे त्यांचे चालले होते.

बोयापाशी दोन्ही वाटा एकत्र आल्या तेव्हा आमची होडी तिसरी होती. मी लाँचमध्ये उभा राहिलो आणि काय ओरडलो ते मला आठवत नाही. त्या वयस्क गृहस्थांनी मला हाताला धरून खाली बसवले. पुढच्या फेरीत त्यांना एकाने गाठले, त्यांनी त्याला पुन्हा मागे टाकले, आणि शेवटच्या रेषेवर ती तिसरीच पोचली. हात उडताना दिसले नाहीत. ओठ मात्र पाचांचेही हलत होते.

सगळ्या शर्यती जमेस धरून आमची मंडळी नवांत सातवी आली. बक्षीस पहिल्या तिघांना. घरी आल्यावर शेजारच्या काकूंनी विचारले, "जिंकले का रे?" "सातवे आले." "म्हणजे सगळे धड परत आले ना? मग झालं!" असे म्हणून त्यांनी पाचही जणांची दृष्ट काढली.

अक्काचा फोन आला तो भाचीने स्वतः घेतला. "आई, आज मी सुकाणूवर नव्हते," तिने पहिल्या वाक्यातच सांगून टाकले. पलीकडून काय उत्तर आले ते मला ऐकू आले नाही. पण ती बराच वेळ नुसती "हं, हं" करीत राहिली, आणि मग एकदम हसली.

त्याच रात्री हुसेनसागर एक्सप्रेस होती. शिवाजी महाराज टर्मिनसच्या फलाटावर पत्नीने दिलेल्या दशम्यांचा डबा चिमणीच्या हातात होता. कालनिर्णयाचे जानेवारीचे पान चष्मेवाल्याने मागून घेऊन वहीत घातले होते. दुसऱ्या बोयापाशी आधी वळायला हवे होते की नंतर, यावरून पाचही जण एकाच वेळी, एकमेकांचे न ऐकता, मोठमोठ्याने भांडत होते. सर्वांत मोठा आवाज मौनीबाबाचा होता. गाडी हलली तरी त्याचे बोलणे संपले नव्हते, आणि त्याला गप्प करायची कोणालाच घाई दिसत नव्हती.